वाचक विचारतात : पेशीविभाजनाची सूत्रे कोणाच्या हाती?

पेशीविभाजन आणि कर्करोग या विषयावर आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रे शिक्षकांची आहेत, विद्यार्थ्यांची आहेत आणि रुग्णांच्या घरच्यांचीही. बहुतेकांच्या प्रश्नांचा धागा सीडीके या एकाच विकरगटापाशी जाऊन पोचतो, म्हणून ती एकत्र घेतली.

पुस्तकात पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था असे टप्पे दिले आहेत. मुले विचारतात, ‘आता सुरू कर’ असे पेशीला सांगते कोण? (विज्ञान शिक्षिका, सातारा)

हे काम सीडीके या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे आहे. ती कायनेज जातीची विकरे आहेत. एटीपी या पेशीच्या ऊर्जा-रेणूमधला एक फॉस्फेट गट उचलायचा आणि दुसऱ्या प्रथिनावरच्या सेरीन किंवा थ्रिओनीन या अमिनो आम्लावर बसवायचा, एवढेच त्यांचे रासायनिक काम. फॉस्फेट बसला की त्या प्रथिनाचा आकार आणि वागणूक बदलते. माणसात सुमारे वीस सीडीके आहेत, पण पेशीचक्राची धुरा मुख्यतः चौघांवर आहे : सीडीके-१, २, ४ आणि ६.

पेशीत सीडीकेचे प्रमाण दिवसभर जवळजवळ सारखेच असते. बदलते ते सायक्लिन नावाच्या जोडीदार प्रथिनाचे. एसटीचा ड्रायव्हर इंजिन चालू करून बसलेला असला, तरी कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याखेरीज गाडी हलत नाही. सायक्लिनचे काम त्या कंडक्टरचे. एकट्या सीडीकेच्या कार्यस्थानावर तिच्याच साखळीचा एक फास आडवा आलेला असतो. सायक्लिन येऊन चिकटले की तो फास बाजूला सरतो. मग सीडीके-७ असलेले एक वेगळे विकर त्या फासावरच्या थ्रिओनीनला (सीडीके-१ मध्ये तो १६१ वा) फॉस्फेट लावते आणि कार्यस्थान पक्के उघडते.

मात्र तेवढ्यानेही गाडी सुटत नाही. वी-१ नावाचे दुसरे एक कायनेज १५ व्या स्थानावरच्या टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवून सीडीके-१ ला रोखून धरते. सायक्लिन-बी जमत राहते, सीडीके-१ शी जोड्या होत राहतात, पण त्या मुक्या राहतात. सीडीसी-२५ नावाच्या विकराने तो फॉस्फेट काढला की पहिल्या काही जोड्या जाग्या होतात. त्या लगेच आणखी सीडीसी-२५ ला चालना देतात आणि वी-१ ला गप्प करतात. त्यामुळे विभाजन हळूहळू सुरू होत नाही, एकदम सुरू होते. गुणसूत्रे आखडतात, केंद्रकाच्या आवरणाखालचे जाळे सुटते आणि गुणसूत्रे ओढून नेणाऱ्या धाग्यांचा तर्कू उभा राहतो.

थांबण्याची व्यवस्था मुलांना आवर्जून सांगावी, कारण पुस्तके ती गाळतात. सर्व गुणसूत्रे तर्कूच्या धाग्यांना दोन्ही बाजूंनी नीट जोडली गेली, की एपीसी नावाचा प्रथिनसमूह सायक्लिन-बीवर ‘नष्ट करा’ अशी खूण लावतो आणि प्रोटिअसोम हे पेशीतले प्रथिने तोडणारे यंत्र त्याचे तुकडे करते. सायक्लिन संपले की सीडीके-१ पुन्हा गप्प. सायक्लिन नष्ट होऊ दिले नाही, तर पेशी विभाजनातच अडकून पडते.

हे सगळे शोधले कसे? प्रथिने तर डोळ्यांना दिसत नाहीत. (बी.एस्सी. द्वितीय वर्ष, लातूर)

तीन वेगळ्या जिवांवर, तीन वेगळ्या वाटांनी. १९७१ मध्ये योशिओ मासुई आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी बेडकाच्या परिपक्व अंड्यातला पेशीद्रव अपरिपक्व अंड्यात टोचला आणि ते अंडे विभाजनाच्या वाटेला लागले. त्या द्रवातल्या ‘कशाला तरी’ एमपीएफ (परिपक्वता घडवणारा घटक) हे नाव मिळाले, पण ते नेमके काय हे कळायला सतरा वर्षे गेली.

मधल्या काळात सिअ‍ॅटलमध्ये लेलँड हार्टवेल आणि एडिंबरामध्ये पॉल नर्स यीस्टची बिघडलेली वाणे तपासत होते : ठरावीक तापमानाला विभाजन अमुक टप्प्यावर थांबते, तर कोणते जनुक मोडले आहे? नर्स यांच्याकडच्या एका वाणात पेशी नेहमीच्या अर्ध्या आकाराच्या असतानाच विभागत. म्हणजे त्या वाणात वेळ येईपर्यंत रोखून धरणारी यंत्रणा मोडली होती. वर आलेले वी-१ ते हेच. १९८७ मध्ये मेलानी ली आणि नर्स यांनी विभाजनाला लागणारे सीडीसी-२ नावाचे जनुक मोडलेल्या यीस्टमध्ये माणसाच्या जनुकांचे संग्रह सोडले आणि कोणत्या जनुकाने ते यीस्ट पुन्हा वाढू लागते ते पाहिले. माणसाच्या एका जनुकाने ते वाढले. तेच आपले सीडीके-१. अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी वाटा फुटलेल्या दोन जिवांत हे विकर परस्पर बदलता यावे, यावरून निसर्गाने ते किती जपले आहे ते कळते.

तिसरी वाट टिम हंट यांची. १९८२ च्या उन्हाळ्यात वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी सी-अर्चिनची फलित अंडी किरणोत्सारी मिथिओनीनमध्ये (नव्या प्रथिनांत बसणाऱ्या अमिनो आम्लात) ठेवली आणि थोड्या थोड्या मिनिटांनी नमुने काढून, प्रथिने वेगवेगळ्या पट्ट्यांत पांगवणाऱ्या जेलवर चालवले. बाकीच्या पट्ट्या गडद होत गेल्या. एकच पट्टी दर विभाजनाच्या आधी नाहीशी होई आणि पुन्हा येई. ते सायक्लिन. १९८८ मध्ये एमपीएफ शुद्ध झाले तेव्हा त्यात सीडीके-१ आणि सायक्लिन-बी हीच जोडी निघाली. हार्टवेल, नर्स आणि हंट यांना २००१ चे नोबेल मिळाले. मासुई त्यात नव्हते, याची हळहळ या क्षेत्रातले लोक आजही बोलून दाखवतात.

कांद्याच्या मुळाच्या प्रात्यक्षिकात विभागणाऱ्या पेशी फारच कमी दिसतात. काय चुकते? (कनिष्ठ महाविद्यालयातील प्रयोगशाळा सहायक, अकोला)

कमी दिसणे काही अंशी बरोबरच आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचे एक चक्र सुमारे २४ तासांचे धरले, तर प्रत्यक्ष विभाजनाला त्यातला जेमतेम एक तास मिळतो, कारण सीडीके-१ चा अंमलच तेवढ्यापुरता. कांद्याचा वेग वेगळा असला तरी प्रमाण साधारण असेच. मुळाच्या टोकाशी शंभरात पाच ते पंधरा पेशी विभाजनात दिसल्या, तर प्रात्यक्षिक उत्तम. त्याहून फार कमी दिसत असतील तर पुढे दिल्याप्रमाणे करून पाहा.

नुकताच काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला मुळे लवकर फुटत नाहीत. काही आठवडे साठवलेला घ्या. वाळकी मुळे ब्लेडने खरवडा, पण तळाची चकती कापू नका. कांदा नळीच्या तोंडावर ठेवून फक्त तळ पाण्याला लागेल असे बघा आणि पाणी रोज बदला. तीन-चार दिवसांत मुळे १ ते २ सेंमी झाली की लगेच घ्या. लांब वाढलेल्या मुळांची टोके सुस्त असतात. घेण्याची वेळ सकाळी ८ ते १०. दुपारी सवडीने मुळे कापणे ही आमच्या पाहण्यातली सर्वांत सर्रास चूक.

कापलेली टोके ताबडतोब तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात २४ तास ठेवा. मिश्रण त्याच दिवशी बनवलेले हवे, कारण ठेवून दिल्यास त्याचे एस्टर होते आणि स्थिरीकरण फसते. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये टोके बरेच दिवस टिकतात. वापरताना १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला ५ ते ८ मिनिटे ठेवून पाण्याने धुवा. वेळ कमी पडला तर पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठा राहतो. जास्त झाला तर टोक चिमट्यातच विरघळते आणि रंगही फिका चढतो.

अ‍ॅसिटोकार्माइनमध्ये रंगवल्यावर सर्वांत गडद दिसणारा शेवटचा दीड-दोन मिलिमीटर भाग तेवढा ठेवा, वरचा कापून टाका. इथेच निम्मी प्रात्यक्षिके फसतात, कारण मुले सेंटिमीटरभर मूळ दाबतात आणि पडद्यावर सगळ्या लांबट, विभाजन थांबलेल्या पेशी येतात. कव्हरस्लिप ठेवून टिपकागदावरून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा जरासा जरी फिरला तरी पेशी गुंडाळल्या जातात. विभाजन-निर्देशांक (शंभरात किती पेशी विभाजनात) काढायचा असेल तर वेगवेगळ्या स्लाइड मिळून निदान हजार पेशी मोजा; शंभर पेशींवरून काढलेला आकडा दर वेळी वेगळा येतो.

‘कर्करोगाच्या पेशी फार वेगाने विभागतात’ हे खरे का? मग सीडीकेत बिघाड होतो का? (वाचक, नाशिक)

दोन्ही अर्धवट खरे आहे. आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशी अनेक गाठींपेक्षा वेगाने विभागतात. कर्करोगाच्या पेशीचा दोष वेगाचा कमी आणि थांबायचे तिथे न थांबण्याचा जास्त. थांबायचे की पुढे जायचे हा निर्णय डीएनएची प्रत काढायला घेण्याआधी होतो. आर्थर पार्डी यांनी १९७४ मध्ये त्या टप्प्याला नाव दिले. एकदा तो ओलांडला की बाहेरून वाढीचे संकेत थांबले तरी पेशी चक्र पूर्ण करते.

या टप्प्यावर राखण करते ते आरबी प्रथिन. डीएनएची प्रत काढायला लागणारी जनुके चालू करणाऱ्या ई-टू-एफ या प्रथिनांना ते धरून ठेवते. वाढीचा संकेत आला की सायक्लिन-डी तयार होते, ते सीडीके-४ किंवा ६ ला जागे करते, ही जोडी आरबीवर फॉस्फेट लावते आणि ई-टू-एफ सुटू लागते. मग सायक्लिन-ई आणि सीडीके-२ उरलेले काम उरकतात. उलट बाजूने पी-१६ हे प्रथिन सीडीके-४ आणि ६ ला सायक्लिन-डीपासून दूर ठेवते. डीएनए तुटला असेल तर पी-५३ हे पी-२१ तयार करवते आणि पी-२१ सीडीके-२ ला अडवते.

कर्करोगात या साखळीची कोणती ना कोणती कडी तुटलेली सापडतेच, मात्र खुद्द सीडीकेत बदल क्वचित. स्तनाच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत सायक्लिन-डी१ च्या जनुकाच्या जादा प्रती असतात. मँटल सेल लिम्फोमा या लसिका पेशींच्या कर्करोगात ११ व्या आणि १४ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन तेच जनुक भलत्या जागी बसते आणि सतत चालू राहते. स्वादुपिंडाच्या बहुसंख्य कर्करोगांत पी-१६ निकामी झालेले असते. लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमात आरबीच्या दोन्ही प्रती गेलेल्या असतात. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत बाळाच्या बाहुलीत लालऐवजी पांढरी चमक दिसली, तर दुसरा फोटो काढून बघत बसू नये, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. सीडीके-४ च्याच जनुकाच्या जादा प्रती असतात त्या मेदपेशींच्या काही सार्कोमांत, म्हणजे मऊ ऊतींच्या कर्करोगांत.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू, एचपीव्ही, हेच काम आयत्या हत्यारांनी करतो : त्याचे ई-७ प्रथिन आरबीला निकामी करते, ई-६ पी-५३ चा निकाल लावते. मुलींना लस लैंगिक संबंध सुरू होण्याच्या वयाआधी द्यायची ती यासाठीच. विषाणूची जनुके पेशीच्या डीएनएत जाऊन बसली की लस त्यांना हात लावू शकत नाही.

वडिलांच्या टॉन्सिलच्या गाठीच्या अहवालात ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ आहे. पी-१६ जर कर्करोग रोखते, तर ते असूनही कर्करोग कसा? (वाचक, कोल्हापूर)

एचपीव्हीचे ई-७ आरबीला काढून टाकते, तेव्हा पेशी पी-१६ चे उत्पादन वाढवत राहते. पण पी-१६ ज्याला वाचवायला अडवणूक करते ते आरबीच जागेवर नसल्याने त्या अडवणुकीचा उपयोग होत नाही. म्हणून टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी असलेल्या गाठीत ठळक पी-१६ दिसणे ही एचपीव्हीची खूण मानतात. त्यासाठी गाठीतल्या निदान ७० टक्के पेशींच्या केंद्रकात आणि पेशीद्रवात मध्यम ते गडद रंग दिसावा लागतो. या गाठी उपचारांना चांगला प्रतिसाद देतात आणि त्यांच्या पायऱ्याही (स्टेज) वेगळ्या मोजतात.

हा दिलासा गाल, हिरडी किंवा जिभेच्या पुढच्या भागाच्या कर्करोगाला लावू नका. महाराष्ट्रात तंबाखू, गुटखा, मिश्रीमुळे होणारे बहुतेक कर्करोग तिथले असतात आणि तिथे पी-१६ चा हा अर्थ लागत नाही.

आईला (वय ६१) हाडांत पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी पाल्बोसिक्लिब व लेट्रोझोल सुरू केले आहे. २१ दिवस गोळी, ७ दिवस बंद असे का? पांढऱ्या पेशी कमी झाल्या, म्हणजे हे केमोच का? (वाचक, पुणे)

केमो नव्हे. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब ही तिन्ही औषधे सीडीके-४ व ६ च्या एटीपी बसायच्या खाचेत शिरून बसतात. आरबीवर फॉस्फेट लागत नाही आणि पेशी डीएनएची प्रत काढायच्या आधीच थांबते. यातल्या पहिल्याला अमेरिकेत २०१५ मध्ये, उरलेल्या दोन्हींना २०१७ मध्ये मान्यता मिळाली. गाठीत इस्ट्रोजेनचे ग्राही (ते संप्रेरक धरणारी प्रथिने) असतील तरच ती वापरतात, कारण तिथे इस्ट्रोजेन सायक्लिन-डीमार्फतच पेशीला पुढे ढकलते. लेट्रोझोल इस्ट्रोजेन कमी करते, हे औषध त्याच वाटेवरची पुढची कडी बंद करते. पालोमा-२ या चाचणीत नुसत्या लेट्रोझोलवर आजार साधारण साडेचौदा महिने ताब्यात राहिला, दोन्ही मिळून जवळपास २५ महिने. गाठीत आरबीच नसेल तर हे औषध चालत नाही, आणि पुढे औषध निष्प्रभ होते त्यामागे कधी कधी आरबीचा लोप हेच कारण निघते.

अस्थिमज्जेतल्या पूर्वज पेशींना सीडीके-६ लागते, म्हणून न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. केमोमध्ये त्या पेशी मरतात, इथे त्या नुसत्या थांबतात. सात दिवसांच्या सुटीत त्या पुन्हा चालू होतात. त्यामुळे आकडे केमोसारखेच पडले तरी ताप व जंतुसंसर्गाचे प्रमाण त्या मानाने कमी राहते. तपासणी सुरुवातीला, पहिल्या दोन चक्रांत १५ व्या दिवशी आणि दर चक्राच्या आरंभी होते. चक्राच्या पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल हजारच्या खाली असतील तर गोळी थांबवून आठवड्याने पुन्हा मोजतात. ५०० च्या खाली गेले तर सुधारल्यावर मात्रा १२५ मिलिग्रॅमवरून १०० वर, गरज पडल्यास ७५ वर आणतात. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पॅरासिटामॉल देऊन रात्र काढू नका.

घरोघरी होणारी चूक म्हणजे सुटीच्या आठवड्यात लेट्रोझोलही बंद करणे. ते रोज, खंड न पाडता घ्यायचे असते. सुटी फक्त पाल्बोसिक्लिबला.

कॅप्सूल असेल तर ती जेवणाबरोबर घ्यावी, कारण उपाशीपोटी काहींच्या शरीरात ती फारच कमी शोषली जाते. एकादशीला निर्जळी असेल तर तो उपास सोडावा लागेल. साबुदाण्याची खिचडी खाल्ली तरी ती जेवणच धरा. फिल्मकोटेड गोळीला ही अट नाही. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या नात्यातले पपनस टाळा. त्यांच्यामुळे यकृत-आतड्यातले सीवायपी-३ए हे विकर अडते आणि औषध रक्तात वाढते. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल हीसुद्धा तेच करतात. टीबीसाठी रिफॅम्पिसिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन सुरू झाले तर उलटे होते, औषध जवळजवळ नाहीसेच होते. म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ही गोळी सोबत न्या.

बाकी दोघींच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. रायबोसिक्लिबने हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी हा अवधी वाढू शकतो, म्हणून सुरुवातीला आणि १४ व्या दिवसाच्या सुमारास ईसीजी काढतात. उलटीवर सर्रास घेतली जाणारी डोमपेरिडोन किंवा ऑन्डान्सेट्रॉन तेव्हा मनाने घेऊ नये. अबेमासिक्लिब दिवसातून दोनदा, सुटीविना. त्याने पहिल्या आठवड्यातच जुलाब लागतात, तेव्हा लोपरामाइड आणि ओआरएस आधीच घरात आणून ठेवावे. त्याने मूत्रपिंडाच्या तपासणीतला क्रिएटिनिनचा आकडाही वाढतो, कारण मूत्रपिंडातली त्याची वाहतूक अडते. दर वेळी मूत्रपिंड बिघडलेले असतेच असे नाही.

खर्चाचे म्हणाल तर पाल्बोसिक्लिबचे भारतातले पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले आणि अनेक देशी कंपन्यांच्या गोळ्या बऱ्याच कमी किमतीत आल्या. ब्रँड बदलायला हरकत नसते, पण कॅप्सूल की गोळी हे बदलले तर जेवणाचा नियमही बदलतो.

सह्याद्रीतल्या एका झाडापासून असे औषध निघाले होते, हे खरे का? आणि हळदीने सीडीके बंद होते असा निरोप फिरतो आहे. (वाचक, चिपळूण)

पहिले खरे. पश्चिम घाटातही आढळणाऱ्या डायसोक्सायलम बायनेक्टॅरिफेरम या झाडातून मुंबईत हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधकांनी रोहिट्युकिन हे द्रव्य वेगळे केले आणि त्यावरून फ्लॅव्होपिरिडॉल बनवले. माणसांवर चाचणी झालेला सीडीकेचा तो पहिला रोधक. पण ते निवड करत नाही. सीडीके-१ बरोबरच सीडीके-९ लाही अडवते आणि सीडीके-९ वर तर जनुकांचे वाचनच अवलंबून असते. त्यामुळे निरोगी पेशींनाही मार बसला, जुलाब आवरेनात, आणि काही रक्तकर्करोगांत पेशी इतक्या भरभर फुटल्या की त्यांच्या कचऱ्याने जिवाला धोका झाला. सीडीके-४ व ६ पुरतेच औषध हवे, हा धडा पुढच्यांनी त्यातून घेतला. उंदरांवरच्या प्रयोगांत सीडीके-२, ४ आणि ६ नसतानाही गर्भ अर्ध्या वाटेपर्यंत वाढतो; सीडीके-१ नसेल तर पहिल्या काही पेशींच्या पुढे जात नाही. यावरून कोणाला हात लावावा आणि कोणाला नाही ते कळते.

हळदीचे म्हणाल तर बशीत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन ओतले की पुष्कळ काही थांबते. पण तोंडाने घेतलेले कर्क्युमिन आतड्यात आणि यकृतातच मोडते, रक्तात पोचते ते अगदी थोडे, बशीतल्या मात्रेच्या जवळपासही नाही. भाजीत हळद जरूर घाला. वर सांगितलेली औषधे चालू असताना कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

गोळी घेतल्यावर उलटी झाली किंवा एखाद्या दिवशी गोळी राहिली तर? (वाचक, सोलापूर)

या तिन्ही औषधांना एकच नियम : त्या मात्रेची भरपाई करायची नाही. पुढची मात्रा नेहमीच्या वेळी एकच घ्या आणि चुकलेला दिवस वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या तपासणीला न्यूट्रोफिलचा आकडा वाचताना डॉक्टरांना तो धरता येईल.